शत्रूचे माणूसपण आणि वाचकाचे स्थान : ‘द मून इज डाउन’च्या स्वीकाराचा तौलनिक विचार

१

युद्धकाळात लिहिली गेलेली आणि युद्ध चालू असतानाच वाचली गेलेली कादंबरी साहित्यसमीक्षेला नेहमीच अडचणीत टाकते. तिचा वाचक निवांत नसतो. त्याला कादंबरीतून केवळ अनुभव नको असतो. धीर, दिशा आणि काही वेळा शस्त्रही हवे असते. त्यामुळे अशा कृतीचे मूल्य तिच्या वाङ्मयीन गुणांवरून ठरवावे की तिने घडवून आणलेल्या परिणामांवरून, हा प्रश्न अटळ ठरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उपस्थित झाला तो जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द मून इज डाउन’ या छोट्या कादंबरीच्या निमित्ताने.

मार्च १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेसने ही कादंबरी प्रसिद्ध केली. ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने तिची निवड केली आणि अल्पावधीतच तिची विक्री लाखांच्या घरात गेली. एप्रिल १९४२ मध्ये तिचे नाट्यरूप ब्रॉडवेवर आले, १९४३ मध्ये चित्रपट निघाला. परंतु लोकप्रियतेच्या जोडीलाच कठोर टीकाही आली. शत्रूचे चित्रण सौम्य आहे, पराभवाच्या काळात ते घातक आहे, असा आक्षेप अमेरिकेतील जाणत्या समीक्षकांनी घेतला. दुसरीकडे, जर्मन सैन्याच्या टाचेखाली असलेल्या नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि फ्रान्स या देशांत हीच कादंबरी गुप्तपणे अनुवादित झाली, छापली गेली आणि हातोहात फिरली. १९४६ मध्ये नॉर्वेचा राजा सातवा हाकोन याच्या नावाचे स्वातंत्र्यपदक स्टाइनबेक यांना देण्यात आले.

या प्रकरणाचा निकाल सामान्यतः एका वाक्यात लावला जातो : समीक्षक चुकले, वाचक बरोबर ठरले. हा निकाल सोयीचा आहे. मात्र तो पुरेसा नाही. एकाच संहितेतील एकच घटक, म्हणजे शत्रूचे माणूसपण, दोन वाचकवर्गांना परस्परविरुद्ध का वाटला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर शोधणे आणि त्या उत्तराची मर्यादाही तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

कादंबरीचे कथानक साधे आहे. समुद्रकाठच्या एका बर्फाळ, कोळशाच्या खाणी असलेल्या गावात परकी सैन्य उतरते. कोरेल नावाच्या लोकप्रिय दुकानदाराने आतून मदत केल्यामुळे गाव जवळजवळ प्रतिकाराविना ताब्यात जाते. कर्नल लान्सर आपले ठाणे महापौर ऑर्डन यांच्या घरातच मांडतो. त्याला हवा आहे तो कोळसा, आणि कोळसा काढायला माणसे हवीत. अ‍ॅलेक्स मॉर्डन हा खाणकामगार एका अधिकाऱ्याचा जीव घेतो. त्याला मृत्युदंड दिला जातो. आणि तेथून मूक, चिवट प्रतिकार सुरू होतो. रूळ उखडले जातात, यंत्रे बिघडतात, एकटा सापडलेला सैनिक परत येत नाही. पुढे इंग्लंडकडून आलेली विमाने सुरुंगाच्या दारूची छोटी पाकिटे चॉकलेटसह गावावर टाकतात. अखेरीस ऑर्डन आणि त्यांचे स्नेही डॉक्टर विंटर यांना ओलीस धरले जाते. सॉक्रेटिसाच्या अखेरच्या भाषणाचे स्मरण करत ऑर्डन मरणाला सामोरे जातात.

आक्रमक देशाचे नाव कादंबरीत कोठेही येत नाही. हिटलरचेही नाव नाही. उल्लेख आहे तो केवळ ‘नेत्या’चा. मात्र लान्सरच्या मनातील वीस वर्षांपूर्वीच्या बेल्जियम आणि फ्रान्सच्या आठवणींमुळे वाचकाला ओळख पटायला वेळ लागत नाही. या अनामिकतेलाही इतिहास आहे. १९४१ मध्ये स्टाइनबेक अमेरिकी शासनाच्या परदेशविषयक माहिती यंत्रणेशी संबंधित होते आणि युरोपातून परागंदा झालेल्या लोकांशी त्यांच्या भेटी होत होत्या. १९६३ मध्ये लिहिलेल्या आठवणीत त्यांनी सांगितले आहे, की मूळ लेखनात हे गाव अमेरिकेतलेच होते. परंतु अमेरिका जिंकली जाऊ शकते ही कल्पनाच मनोधैर्य खचवणारी ठरेल या कारणास्तव ती संहिता नाकारली गेली. नंतर त्यांनी गाव नॉर्वेसारख्या दिसणाऱ्या अनामिक देशात हलवले. म्हणजे कादंबरी वाचकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, वाचकाला काय सोसवेल याविषयी कोणीतरी त्याच्या वतीने निर्णय घेतला होता. पुढील सर्व वादाचे बीज या पहिल्याच प्रसंगात आहे.

३

अमेरिकेतील आक्षेपकांत दोन नावे प्रमुख आहेत. जेम्स थर्बर यांनी ‘द न्यू रिपब्लिक’मध्ये आणि क्लिफ्टन फॅडिमन यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये कादंबरीवर टीका केली. थर्बर यांना हे युद्ध रंगमंचावर मांडलेल्या नीटनेटक्या देखाव्यासारखे वाटले. आक्रमकांच्या खऱ्या क्रौर्याचा त्यात मागमूस नव्हता. फॅडिमन यांचा आक्षेप अधिक तात्त्विक होता. स्वतंत्र माणसाचा आत्मा अजिंक्य आहे, ही श्रद्धा उदात्त असली तरी तिच्यावर विसंबून युद्ध जिंकता येत नाही. उलट वाचक त्या श्रद्धेत सुखावून जाण्याचा धोका आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुसऱ्या बाजूनेही लिहिले गेले आणि काही काळ हा वाद नियतकालिकांतून चालू राहिला.

हे आक्षेप उथळ नव्हते. १९४२ च्या वसंतात जर्मनी युरोपभर पसरलेला होता, जपानने सिंगापूर घेतले होते आणि अमेरिका युद्धात उतरून जेमतेम तीन-चार महिने झाले होते. अशा वेळी कंटाळलेला, घराच्या ओढीने व्याकूळ झालेला, गावातल्या तरुणीपाशी दोन मायेचे शब्द मागणारा लेफ्टनंट टाँडर ज्यांना अस्वस्थ करून गेला, त्यांची अस्वस्थता समजण्याजोगी आहे. मात्र या आक्षेपांची रचना पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. थर्बर आणि फॅडिमन स्वतः या कादंबरीमुळे शत्रूविषयी मवाळ झाले, असे दोघेही म्हणत नाहीत. त्यांची भीती इतरांविषयी आहे. कोणीतरी अधिक भोळा, अधिक हळवा वाचक फसेल, असे गृहीत धरून ते वाचत आहेत. हे प्रातिनिधिक वाचन आहे : दुसऱ्याच्या वतीने केलेले, दुसऱ्याला न विचारता केलेले. समीक्षेत असे वाचन वारंवार घडते. या प्रकरणात ज्यांच्या वतीने वाचले गेले ते वाचक पुढे स्वतःच बोलले, एवढेच वेगळेपण आहे.

४

व्याप्त देशांतील वाचकांनी कादंबरीचे काय केले, याचा पहिला पुरावा अनुवादांच्या शीर्षकांतच आहे. मूळ शीर्षक शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’मधून आलेले आहे, डंकनच्या हत्येच्या रात्री, हत्येपूर्वी काही क्षण उच्चारलेल्या साध्या वाक्यातून. इंग्रजी वाचकाला त्यातून येऊ घातलेल्या पापाची चाहूल लागते. नील्स ली यांनी केलेला नॉर्वेजियन अनुवाद तटस्थ स्वीडनमध्ये, स्टॉकहोम येथे छापला गेला आणि सीमेपलीकडे चोरून नेण्यात आला; त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘चंद्राविना रात्र’ असा होतो. डॅनिश शीर्षक ‘चंद्र झाकला आहे’ अशा अर्थाचे. फ्रेंचमध्ये दोन शीर्षके आढळतात. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथून निघालेल्या अनुवादाचे नाव ‘चंद्रहीन रात्री’ या अर्थाचे होते. त्या तटस्थ देशाच्या सेन्सॉरशिपला जपून इंग्लंडविषयीचे काही उल्लेख त्यातून गाळलेले होते. १९४४ मध्ये पॅरिसच्या भूमिगत ‘एदिसियाँ द मिन्युई’ने काढलेल्या, इव्होन पाराफ यांच्या अनुवादाचे नाव मात्र ‘काळ्या रात्री’ असे झाले. चंद्र गेला, काळोख उरला.

सर्वांत धीट बदल डच अनुवादात दिसतो. अ‍ॅमस्टरडॅममधील नट फर्डिनांड स्टर्नेबर्ग यांनी केलेला हा अनुवाद ‘द बेझिगे बाय’ या भूमिगत प्रकाशनसंस्थेने १९४४ मध्ये काढला. त्यात शेक्सपियर आणि चंद्र या दोहोंना रजा देऊन माश्या पकडण्याच्या चिकट कागदाचे नाव शीर्षकाला दिले गेले. ही प्रतिमा कादंबरीत येते ती टाँडरच्या तोंडी, वाढत्या एकाकीपणाने त्याचे मन ढळू लागते त्या क्षणी. आपण जिंकत जातो आणि जिंकलेल्याच वस्तूत अडकत जातो, हे त्याच्या ध्यानात येते. म्हणजे अमेरिकी समीक्षकाला ज्या पात्राचे माणूसपण खटकले, त्याच पात्राच्या हतबलतेतून डच अनुवादकाने पुस्तकाचे नाव उचलले.

येथे स्वीकारातील भेदाचे मर्म हाती लागते. सुरक्षित देशातील वाचकाला शत्रू ठाऊक होता तो वृत्तपत्रांतून. त्याच्या दृष्टीने लान्सरचे सुसंस्कृतपण ही शत्रूविषयीची नवी बातमी होती, आणि ती बातमी त्याच्या रोषाला बोथट करणारी होती. व्याप्त देशातील वाचकाला शत्रूच्या सभ्यतेची बातमी नको होती. तो ती रोज पाहत होता. डेन्मार्कमध्ये तर ऑगस्ट १९४३ पर्यंत देशी सरकारच सत्तेवर ठेवून व्याप्तीचा सौम्य देखावा चालू होता. त्याला नवी वाटली ती वेगळीच गोष्ट : हा सभ्य अधिकारी घाबरलेला आहे, आणि त्याला घाबरवणारे आपण आहोत. एका वाचकाने टाँडरच्या रडकुंडीत शत्रूचे हृदय पाहिले. दुसऱ्याने त्याच रडकुंडीत स्वतःचे सामर्थ्य मोजले. शत्रू राक्षस असता, तर हे मोजमाप शक्यच झाले नसते. कारण राक्षस एकाकी होत नाही आणि बंद दारांनी त्याचे मन ढळत नाही.

५

या निष्कर्षाची कसोटी घेण्यासाठी त्याच काळातील दुसरी कृती शेजारी ठेवणे आवश्यक आहे. झाँ ब्रुलेर यांनी ‘व्हेर्कोर’ या टोपणनावाने लिहिलेली ‘समुद्राचे मौन’ या अर्थाच्या फ्रेंच शीर्षकाची दीर्घकथा फेब्रुवारी १९४२ मध्ये, म्हणजे स्टाइनबेक यांच्या कादंबरीच्या जेमतेम महिनाभर आधी, पॅरिसमध्ये गुप्तपणे छापली गेली. ‘मिन्युई’चे ते पहिलेच पुस्तक. तिच्यात व्हेर्नर फॉन एब्रेनाक हा संगीतकार असलेला जर्मन अधिकारी एका वृद्ध गृहस्थाच्या आणि त्याच्या पुतणीच्या घरी मुक्कामाला येतो. तो रोज संध्याकाळी फ्रान्सवरील प्रेमाविषयी बोलतो; ते दोघे एक अक्षरही बोलत नाहीत. पॅरिसमध्ये आपल्या सहकाऱ्यांचे खरे हेतू कळल्यावर तो भग्न होऊन पूर्वेच्या आघाडीवर जाणे पसंत करतो.

या कथेवरही तोच आक्षेप आला. लंडनमध्ये असलेल्या आर्थर कोस्लर यांनी १९४३ मध्ये तिची मानसशास्त्रीय असंभाव्यता दाखवून दिली : जे सत्य जगाला ठाऊक होते ते या सुशिक्षित अधिकाऱ्याला पॅरिसला जाईपर्यंत कळू नये, हे त्यांना पटण्याजोगे वाटले नाही. पुढे सार्त्र यांनी ‘साहित्य म्हणजे काय?’ या प्रसिद्ध विवेचनात याच कथेचे उदाहरण घेतले. त्यांच्या मते ही कथा १९४१ च्या व्याप्त फ्रान्समधील वाचकासाठी होती. त्या वाचकाला सभ्य जर्मन रोज भेटत होता, आणि त्या सभ्यतेला बळी न पडता मौन पाळणे हाच तेव्हाचा प्रतिकार होता. १९४२ संपता संपता घातपात, सूड, ओलिसांच्या हत्या सुरू झाल्या आणि दोन बाजूंमध्ये आगीची भिंत उभी राहिली. तेव्हा ही कथा आपला वाचक गमावून बसली.

सार्त्र यांचे विवेचन वाचककेंद्री विचाराच्या इतिहासात मोलाचे आहे. पुढे याउस यांनी मांडलेल्या ‘अपेक्षाक्षितिजा’च्या संकल्पनेतील काळाचा घटक तेथे आधीच उपस्थित आहे. परंतु सार्त्र यांचा नियम ‘द मून इज डाउन’ला लावला तर तो अडखळतो. आगीची भिंत उभी राहिल्यानंतर, १९४४ मध्ये, ज्या प्रकाशनसंस्थेने व्हेर्कोर यांची कथा काढली तिनेच स्टाइनबेक यांची कादंबरी छापली. सभ्य शत्रूचे चित्र केवळ काळाच्या ओघात कालबाह्य होत असते, तर असे घडण्याचे कारण नव्हते.

भेद दोन्ही संहितांच्या रचनेत शोधावा लागतो. व्हेर्कोर यांच्या कथेत बोलतो तो शत्रू, आणि ऐकतो तो जिंकलेला. वाचकाचे सारे लक्ष एब्रेनाकच्या शब्दांवर खिळते; मौनाचे सामर्थ्य जाणवते, पण ते सामर्थ्य शत्रूच्या उदात्ततेला उजाळा देण्यातही खर्ची पडते. शत्रू उदात्त राहिला नाही की मौनाचा अर्थही हरपतो. स्टाइनबेक यांच्या कादंबरीत याउलट कृती गावाची आहे. मॉली मॉर्डन टाँडरशी बोलते, त्याचे दुःख तिला कळते, आणि तरीही ती कपड्याआड कात्री लपवून त्याला दार उघडते. त्याच्याच देशाच्या सैन्याने तिच्या नवऱ्याला गोळी घातलेली आहे. येथे शत्रूचे माणूसपण नाकारले जात नाही आणि क्षमेचे कारणही होत नाही. माणूस असलेल्या शत्रूलाच मारावे लागते, ही प्रतिकाराची खरी किंमत कादंबरी लपवत नाही. भूमिगत वाचकाला, ज्याच्यापुढे हा प्रश्न पुस्तकापुरता नव्हता, हा प्रामाणिकपणा धीर देणारा वाटला असल्यास नवल नाही. शत्रूचे माणूसपण हे स्वतः होऊन गुण किंवा दोष ठरत नाही; संहिता वाचकाला त्या माणूसपणाचे काय करायला लावते, यावर त्याचे मूल्य ठरते.

६

मात्र एवढ्यावर थांबल्यास समीक्षक चुकले, वाचक बरोबर ठरले या परिचित निकालाकडेच नव्या वाटेने परतल्यासारखे होईल. दोन मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा पुराव्याची. व्याप्त युरोपातील स्वीकाराचा सविस्तर अभ्यास डोनाल्ड कोअर्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. तो ज्या साक्षींवर उभा आहे त्या बहुतांशी अनुवादकांच्या, वितरकांच्या आणि प्रतिकारातील कार्यकर्त्यांच्या आहेत, आणि पुष्कळशा दीर्घ काळानंतर दिलेल्या आहेत. ज्याने जीव धोक्यात घालून पुस्तक वाटले तो त्या पुस्तकाला दुय्यम म्हणण्याची शक्यता कमीच. कृतज्ञता हा स्वीकाराचा मौल्यवान पुरावा आहे. संपूर्ण पुरावा नव्हे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आणि संहितेच्या गाभ्याशी निगडित आहे. गाव अजिंक्य का ठरते? आक्रमकाला कोळसा हवा आहे आणि कोळशासाठी गावकरी जिवंत हवे आहेत म्हणून. कादंबरीचा सारा आशावाद या गरजेवर उभा आहे. ज्यांच्या श्रमाची आक्रमकाला गरजच नाही, ज्यांचे नाहीसे होणे हाच ज्याचा हेतू आहे, त्यांना या गावात घर नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये ऑस्लो बंदरातून ‘डोनाऊ’ हे जहाज पाचशेहून अधिक ज्यूंना घेऊन निघाले. त्यांचे गंतव्य आउश्वित्झ होते. त्यांना पकडून आणण्यात नॉर्वेजियन पोलिसांचाही हात होता. कादंबरीत गद्दार एकच आहे, बाकी गाव एकदिल आहे. हे चित्र प्रतिकाराला बळ देणारे होते. पण ज्यांना शेजाऱ्यांनीच सुपूर्द केले, त्यांनी ते कसे वाचले असते, हा प्रश्न कृतज्ञतेच्या इतिहासात विचारला गेलेला नाही. थर्बर आणि फॅडिमन यांना क्रौर्य अपुरे वाटले होते. त्यांचे कारण चुकीचे होते, पण ज्या उणिवेकडे त्यांचे बोट वळले ती उणीव खोटी नव्हती.

मराठी वाचकाला येथे विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर भारतीय चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची गाठ पडते. चक्रधर मुंबईला उतरतो. हॅर्टाला पुढे जावे लागते, आणि तिच्या प्रवासाची अखेर आत्मघातात होते. हॅर्टाला राखण्यासाठी गाव नाही, तिच्या बाजूने उभा राहणारा महापौर नाही, तिच्या श्रमाची कोणाला गरज नाही. महायुद्ध भडकण्याच्या उंबरठ्यावर लिहिलेली ही कादंबरी स्टाइनबेक यांच्या कादंबरीत जी जागा रिकामी आहे तेथेच उभी आहे. दोहोंत प्रभावाचे नाते नाही. पण एकीचा आशावाद कोणाला वगळून उभा राहतो, हे दुसरीशेजारी ठेवल्यावरच स्पष्ट दिसते.

भारतीय अभ्यासकाला आणखी एक बाजू दिसते. महापौर ऑर्डन यांची श्रद्धा स्वतंत्र लोक आणि कळपाने चालणारे लोक या विभागणीवर आधारलेली आहे, आणि स्वतंत्र लोकांच्या मदतीला येणारी विमाने इंग्लंडची आहेत. ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात ‘छोडो भारत’चे आंदोलन पेटले, मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालला आणि पुढे साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. परकी सत्ता, तिला लागणारे श्रम, स्थानिक प्रतिष्ठितांमार्फत चालवलेला कारभार आणि गुप्त छपाई, हे कादंबरीतले व तिच्या प्रसाराचे सारे घटक येथे होते. फक्त आक्रमकाचे स्थान मदतनीसाने घेतलेले होते. स्टाइनबेक यांनी शत्रूला नाव दिले नाही, त्यामुळे कादंबरी त्यांच्या हेतूपेक्षा मोठ्या प्रदेशाला लागू पडते. परंतु मदतनीसाला नाव दिले, त्यामुळे तो प्रदेश पुन्हा आक्रसतो.

७

‘द मून इज डाउन’विषयीच्या मतभेदातून तौलनिक साहित्याभ्यासाला मिळणारा धडा वाचक आणि समीक्षक यांच्यातील जयपराजयाचा नाही. मार्च १९४२ मध्ये काही समीक्षकांनी व्याप्त वाचकाच्या वतीने वाचले, आणि त्या वाचकाने ते वाचन खोडून काढले. युद्धानंतर इतिहासकारांनी प्रतिकारकाच्या साक्षीवरून सर्व व्याप्त समाजाच्या वतीने वाचले. ते वाचन खोडून काढू शकणारे अनेक जण मात्र तोवर हयात नव्हते. वाचकप्रतिसादाच्या अभ्यासात जो बोलला त्याची साक्ष नोंदवली जाते, आणि ते योग्यच आहे. पण संहितेने कोणाला वाचक म्हणून कल्पिलेच नाही, हेही त्याच काळजीने नोंदवले गेले पाहिजे. स्टाइनबेक यांच्या कादंबरीने शत्रूला माणूस म्हणून पाहण्याचे धैर्य दाखवले आणि त्या धैर्याला भूमिगत छापखान्यांनी न्याय दिला. तिने आपल्याच गावातील सर्व माणसे पाहिली होती का, हा प्रश्न मात्र तिच्या वाचकांनी आणि समीक्षकांनी, दोघांनीही, विचारायचा राहून गेला.